पाय अडकवून घेण्याची हौस

चाळिशी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर एकतर गुडघ्याचा पट्टा लिहून देतात, नाहीतर सायकल चालवायला सांगतात. सायकल घेतलेली मंडळी वर्षा-दोन वर्षांनी त्याच डॉक्टरांकडे पट्टा मागायला येतात. मधल्या काळात केलं काय, अशी चौकशी केली तर बऱ्याचदा एकच उत्तर मिळतं: सायकलचे बूट घेतले.

सुरुवात निरुपद्रवी असते. पहिले काही रविवार हा माणूस घरातल्या जुन्या स्पोर्ट्‌स शूजवर खडकवासल्यापर्यंत जातो, कणीस खातो, फोटो टाकतो आणि परत येतो. मग पॅडवाली चड्डी येते. ती वाळत घातल्यावर शेजारी दोन दिवस काही बोलत नाहीत. आणि मग एके दिवशी ग्रुपमधलं कुणीतरी त्याच्या पायांकडे बघतं आणि कणव येऊन विचारतं, ‘अजून फ्लॅट पेडलवरच?’ ‘अजून भाड्यानंच राहता?’ हे विचारताना नातेवाइकांचा जो स्वर लागतो, तोच हा स्वर. तिथून पुढे माणूस स्वतःचा राहत नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या बुटाच्या तळव्याला एक प्लॅस्टिकचा किंवा लोखंडी तुकडा बोल्टनं बसवलेला असतो, त्याला क्लीट म्हणतात. तो पेडलवर दाबला की ‘खट्’ असा आवाज येतो आणि पाय सायकलला जोडला जातो. सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. ‘माणसाचे पाय जमिनीवर असावेत’ हे ज्यांनी मुलांना वर्षानुवर्षं ऐकवलं, ते बापलोक पैसे मोजून आपले पाय जमिनीपासून तोडून घेतात ते असे.

या भानगडीचं मूळ बर्फात आहे. फ्रान्सची लुक ही कंपनी स्कीइंगची बाइंडिंग्ज बनवायची. माणूस बर्फावर आपटला की बूट आपोआप सुटावा आणि हाड मोडू नये, ही त्यातली युक्ती. १९८४ साली त्यांनी तीच युक्ती सायकलच्या पेडलला लावली. तोवर शर्यतीतले सायकलपटू पेडलवर चामड्याच्या पट्ट्यांनी पाय आवळून घेत आणि थांबायच्या आधी वाकून ते हातानं सैल करत. इटलीच्या चिनेल्लीनं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीटचं एक पेडल काढलं होतं, पण त्यातून सुटायलाही खाली वाकून एक खटका हातानं सरकवावा लागे. लोकांनी त्याला ‘मृत्यूचं पेडल’ असं नाव ठेवलं. नाव ठेवायला जे मागे उरले त्यांनी ते फारसं विकत घेतलं नाही. लुकचं मात्र नशीब फळफळलं. १९८५ साली बर्नार ईनो लुकची पेडलं वापरून पाचव्यांदा टूर द फ्रान्स जिंकला. त्या शर्यतीत तो पडला, त्याचं नाक मोडलं आणि सुजल्या चेहऱ्यानं त्यानं पॅरिस गाठलं. यातून जगानं पेडलाचा धडा तेवढा घेतला, नाकाचा कुणी घेतला नाही.

ग्रुपमधले जाणकार सांगतात, पाय अडकवला की पेडल खाली दाबताही येतं आणि वर ओढताही येतं, म्हणजे ताकद दुप्पट. असं असतं तर सिंहगडाचा घाट निम्म्या वेळात झाला असता. पेडलवर पडणारा जोर प्रयोगशाळांमध्ये मोजून झालेला आहे. निवांत वेगात चालवताना कसलेले सायकलपटूही पेडल वर ओढत बसत नाहीत. वर येणाऱ्या पायाचं ओझं खाली जाणाऱ्या पायावर पडू नये, एवढंच पाहतात. अडकवण्याचा खरा फायदा वेगळा आहे. पाय दरवेळी त्याच जागी राहतो, जोरात पेडल मारताना घसरत नाही आणि खड्ड्यात सायकल उसळली तरी पेडल सोडत नाही. खड्ड्यांची आपल्याकडे टंचाई नसल्यानं फायदा लहान नाही. पण तो आरामाचा आणि भरवशाचा आहे, ताकदीचा नाही. आणि आरामासाठी घेतलेली वस्तू खरेदी मात्र सगळे ताकदीच्या हिशेबानं करतात. गोंधळ सगळा तिथं आहे.

दुकानात जाऊन पाहा. विक्रेता बूट हातात घेतो, दोन्ही टोकांना धरून वाकवायचा प्रयत्न करतो, तो वाकत नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर मुलगा बोर्डात आल्याचं समाधान पसरतं. ‘सर, फुल कार्बन!’ तळवा जितका कडक तितका बूट महाग. शिमानो कंपनी तर या कडकपणाला आकडा देते आणि तो १२ पर्यंत जातो. गिऱ्हाइकाला साधारण ५ चा पुरतो, पण शाळेपासून सवय अशी की आकडा दिसला की जास्तीचाच हवा. कडक तळव्यामुळे जोर वाया जात नाही हे खरं. पण ज्याला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये शंभर जणांना मागे टाकायचंय त्याच्यासाठी ते खरं. आपल्या माणसाला शेवटच्या दोनशे मीटरमध्ये मिसळीच्या दुकानाबाहेर सायकल लावायला जागा शोधायची असते.

पुढचा प्रश्न जळण्याचा. मिनिटाला ८० फेऱ्या धरल्या तर तीन तासांत एक पाय १४,४०० वेळा पेडल दाबतो. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे नसा जातात. बूट अरुंद असेल, तर दरवेळी त्या चिमटल्या जातात. आधी मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, आणि मग चवड्याखाली कुणीतरी निखारा ठेवल्यागत आग होते. बाकीचे म्हणतात, ‘होईल सवय.’ ज्याचं जळतं त्यालाच कळतं, ही म्हण या बुटांसाठीच केलेली असावी.

डोणज्याच्या फाट्यावर रविवारी सकाळी हे दृश्य हमखास दिसतं. हेल्मेट घातलेला, अंगावर झगझगीत जर्सी असलेला, चांगला शिकलासवरलेला गृहस्थ रस्त्याकडेच्या दगडावर बसून, एक बूट काढून, पायाची बोटं पिळत असतो. मागं एकदा अशाच एकापाशी दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरचे एक आजोबा थांबले.

‘काय पाव्हणं, चावलं व्हय काय?’

‘हो. बूट.’

‘नवा हाय?’

‘नाही हो आजोबा, दोन वर्षं झाली.’

‘मग आता न्हाई सुदरायचा त्यो,’ असं म्हणून आजोबांनी किक मारली.

पादत्राणांचं सगळं शास्त्र या शेवटच्या वाक्यात आलं. आपल्याला माहीत असलेली चावरी वस्तू म्हणजे कोल्हापुरी चप्पल. ती पहिले चार दिवस चावते, मग तेल पिते, नरम पडते आणि पायाच्या आकाराची होते, कारण ती चामड्याची आहे. कार्बनचा तळवा आणि कृत्रिम कातडं तुमच्या पायाला शरण येत नाही. दुकानात जे बोचलं ते दोन वर्षांनीही तिथंच बोचणार. त्यामुळे ‘वापरून सैल होईल’ असं विक्रेता म्हणाला, तर त्याला मनातल्या मनात नमस्कार करून बूट परत द्यावा.

बोचतं ते बहुतेक रुंदीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय युरोपीय आणि अमेरिकी पायापेक्षा रुंद असतो, असं त्यात आढळलं. त्यावरून भारतीय पायांसाठी ‘भा’ या नावाची स्वतंत्र मापं सुचवली गेली. हे कळल्यावर अनेकांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. इतकी वर्षं आपण समजत होतो, बूट बरोबर आहे आणि पायच जरा गावंढळ आहे. इटालियन बुटांचा साचा तर बहुधा अरुंद. तो आपल्याकडच्या पायात चढवणं म्हणजे लहानपणीच्या मुंजीतला कोट घालून मुलाच्या लग्नात मिरवण्याचा हट्ट.

यावर आपला पारंपरिक उपाय म्हणजे एक नंबर मोठा घेणं. युरोपीय मापात एका नंबराचा फरक सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. तो सगळा लांबीत जातो, रुंदी त्यामानानं फार थोडी वाढते. म्हणजे चवडा तिथंच दाबला जातो आणि पुढे मोकळा प्लॉट सुटतो. शिवाय बूट लांब झाला की क्लीटचे बोल्टही पायाच्या मानानं पुढे सरकतात, जोर बोटांकडे जातो, आणि पोटरीवर ताण येतो. तेव्हा लांबी नव्हे, रुंदी वाढवून घ्यावी. शिमानोच्या काही मॉडेलांत रुंद माप वेगळं मिळतं, लेक ही कंपनी तर रुंद पायांसाठीच ओळखली जाते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे जगात सगळीकडे खरं, बुटात मात्र पाय पाहून अंथरूण घ्यावं.

माप बघायची एक बिनखर्ची युक्ती आहे. बुटाच्या आतला इनसोल बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर सगळं वजन टाकून उभं राहायचं. पाय दोन्ही बाजूंनी इनसोलच्या बाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही सुंदर असला तरी आपला नाही. ही तपासणी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि सायकलवर उन्हात त्याहून जास्त. सायकल चालवताना जे मोजे घालतो तेच न्यावेत. दुकानदार वैतागेल. वैतागू द्यावं. लक्ष्मी रोडवर एका साडीसाठी चाळीस साड्या उलगडून घेणाऱ्यांच्या घरातले आपण, एका बुटाचा इनसोल काढायला लाजतो.

बूट पायाला शरण येत नाही, याला एक अपवाद आहे. ऑस्ट्रेलियाची बाँट ही कंपनी तापवून पायाच्या आकारात बसवता येणारे बूट बनवते. बसवायची रीत अशी, की बूट घरच्या ओव्हनमध्ये ७० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवायचे, बाहेर काढून पायात घालायचे आणि ते थंड होईपर्यंत गप्प बसून राहायचं. आमच्या ग्रुपमधल्या एका चार्टर्ड अकाउंटंटनं हे बूट मागवले. रविवारी दुपारी घर झोपलंय असं पाहून त्यानं ओव्हन लावला. घर झोपलं होतं, आई नव्हती झोपली.

‘काय रे भाजतोयस?’

‘काही नाही गं आई, बूट.’

आई एवढंच म्हणाली, ‘बरं.’ मग तिनं कपाटातून नानकटाईचा ट्रे काढला आणि मोलकरणीला देऊन टाकला. त्या बुटांनी पाय छान धरला, याबद्दल दुमत नाही. फक्त त्यांची किंमत सांगताना तो आता नव्या ओव्हनचे पैसे त्यात धरतो. हिशेबाचा माणूस आहे.

बूट बसला की क्लीटचा अध्याय सुरू होतो. यात रंगांचं एक शास्त्र आहे. पेडलमध्ये अडकलेली टाच थोडी इकडेतिकडे हलू शकते, त्याला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या रस्त्याच्या पेडलांत पिवळी क्लीट ६ अंश हलू देते, निळी २ अंश, आणि लाल अजिबात नाही. म्हणजे हळद चालेल, कुंकू नको, एवढं लक्षात ठेवावं, असं वाटतं. पण लुकच्या केओ पेडलात लालच सर्वांत मोकळी, ९ अंशांची. राखाडी साडेचार, आणि ज्यात पाय हलतच नाही ती काळी. तेव्हा कंपनी विचारल्याशिवाय रंगाबद्दल कुणाचा सल्ला घेऊ नये. आपल्यासारख्यांचे गुडघे सरळ रेषेत चालायला बांधलेले नसतात. पाय घट्ट धरून ठेवला, तर त्याची वाकडी वाट शेवटी गुडघ्यातून निघते. जास्त फ्लोट म्हणजे गुडघ्याला दिलेली सवलत, ती घ्यावी.

क्लीटची जागा साधारण चवड्याच्या गादीखाली असते. पण ‘साधारण’ या शब्दावर कुणाचं समाधान होत नाही, त्यामुळे दर रविवारी चहाच्या टपरीवर एकजण ॲलन की काढतो आणि दुसऱ्याचा पाय मांडीवर घेतो. एक म्हणतो पुढे घे, दुसरा म्हणतो आत घे, तिसरा म्हणतो माझं ऐकशील तर काढूनच टाक. आरामासाठी एवढं पुरे: चवडा जळत असेल किंवा पोटरी ओढत असेल, तर क्लीट दोन-तीन मिलिमीटर मागे, टाचेकडे घ्यावी, आणि एकावेळी एकच बदल करावा. बुटावर गोल चकती असलेलं तारेचं बंद असेल, तर ते चालवता चालवता सैल करता येतं. तासाभरानं पाय फुगले की एक-दोन टिचक्या सैल करण्याइतकं मोठं सुख या खेळात दुसरं नाही.

पेडलच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, त्यावर पाय किती घट्ट धरला जावा ते ठरतं. सुरुवातीला तो पूर्ण सैल ठेवावा. ‘प्रो’ लोक घट्ट ठेवतात म्हणून जो घट्ट करतो, तो सिग्नलला पडतो. वेगात कुणी पडत नाही हो, थांबताना पडतात. नळ स्टॉपच्या सिग्नलला लाल दिवा लागतो, सायकल थांबते, पाय सुटत नाही आणि माणूस सावकाश, भोवतालच्या सगळ्यांकडे नीट बघत, एका बाजूला कलंडतो. पडायला इतका वेळ मिळतो की शेजारचा रिक्षावाला ‘धरा, धरा’ म्हणून घेतो. उपाय सोपा: सिग्नल दिसला की वीस पावलं आधीच एक पाय सोडवून ठेवावा. पेडल बदलायला पाना हातात घ्याल, तर हेही माहीत असू द्या, की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेले लोक ते काढताना आणखी आवळत जातात आणि शेवटी कंपनीला शिव्या देतात.

आता मुख्य मुद्दा, चालण्याचा. रस्त्याच्या शर्यतीची पेडलं तीन बोल्टची असतात. त्यांची क्लीट मोठी, आणि बुटाच्या तळव्याबाहेर आलेली. सायकलवर ती उत्तम, जमिनीवर मात्र माणसाला टाचेवर तोल सांभाळत, बोटं वर करून चालायला लावते. हॉटेलातल्या गुळगुळीत फरशीवर हे लोक भिंत धरून मोरीपर्यंत जाताना मी पाहिले आहेत. सिंहगडावर वाहनतळापासून दरवाजापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. ज्या पायऱ्या नऊवारीतल्या आजी दह्याची मडकी घेऊन चढतात, त्यांवर कार्बनचे बूट घातलेले इंजिनिअर एकमेकांचे हात धरून उतरतात. दुसरी जात दोन बोल्टची. शिमानोनं १९९० साली डोंगरातल्या सायकलींसाठी एसपीडी पेडल आणलं, कारण तिथं चिखलात उतरून सायकल खांद्यावर घ्यावी लागते. त्याची क्लीट लहान आणि तळव्याच्या खाचेत दडलेली असते, त्यामुळे माणूस माणसासारखा चालतो. पेडलला दोन्ही बाजूंनी पाय अडकतो, म्हणून सिग्नल सुटल्यावर खाली वाकून पेडल उलटवत बसावं लागत नाही. नवख्यांसाठी एसएच ५६ या नावाची क्लीट मिळते, ती पाय वेडावाकडा ओढला तरी सुटते.

ग्रुपमध्ये मात्र रोड सायकलला दोन बोल्टचं पेडल लावणं कमीपणाचं मानतात. त्यांनी जरा ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत लांबचा पल्ला गाठायच्या सायकल-मोहिमा, करणाऱ्यांकडे बघावं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, असं अंतर कापणाऱ्या या मंडळींपैकी कित्येकजण दोन बोल्टच वापरतात, आणि काही तर चक्क सँडल घालतात. शिमानो क्लीट बसवायची सँडल बनवते. बोटं मोकळी, घाम नाही, पावसात भिजली तरी तासाभरात कोरडी, आणि पाय फुगला तर पट्टा सैल. आपल्या हवेत आणि आपल्या पायांना याहून शहाणी वस्तू कुणी केलेली नाही. दिसायला ती सुंदर नाही, हे कबूल. पण सहाव्या तासाला आपल्या पायांकडे कुणी सौंदर्यासाठी बघत नसतं.

आणि मुळात अडकवायचंच नसेल तरी बिघडत नाही. अमेरिकेतल्या ग्रँट पीटरसन या सायकल बनवणाऱ्या गृहस्थानं २०१२ साली ‘जस्ट राइड’ नावाचं पुस्तक लिहिलं. शर्यतीत न उतरणाऱ्यांनी हे खास बूट-पेडलांचं लोढणं गळ्यात घेऊच नये, रुंद सपाट पेडल आणि रोजचे बूट पुरे, असं त्याचं म्हणणं. पुण्यातल्या कारखान्यांत सायकलीवरून जाणाऱ्या पिढीनं हे पुस्तक न वाचता चपला घालून तीस-तीस वर्षं आचरणात आणलं.

तेव्हा बूट घ्यायचेच असतील, तर संध्याकाळी जा, मोजे बरोबर न्या, इनसोल काढून त्यावर उभे राहा, आणि कार्बनचा आकडा न विचारता रुंदी विचारा. पेडलचा स्क्रू सैल ठेवा, फ्लोट भरपूर घ्या. सायकलवरून उतरून मिसळ खायला चालत जाणार असाल, आणि तुम्ही जाणारच आहात, तर दोन बोल्टचंच पेडल घ्या. एवढं करूनही पाय जळला, तर बूट बदला. पाय चांगलाच आहे.